ओसरीवरचा आरसा

"बुढी नवरी दिसते, अन् पोट्टी विधवा."

पुसदच्या बाजारात कासाराच्या पालापुढे आम्ही दोघी बसलो होतो, तेव्हा मागून कुणी बाई हे म्हणाली. ती हळू बोलली होती, पण पुरेशी हळू नाही. कासार माझा हात दाबून बांगडी चढवत होता. त्याचा अंगठा क्षणभर थांबला आणि त्यानं मान खाली घालून हसू गिळलं.

नवरी म्हणजे माझी घरमालकीण, साठी कधीच उलटून गेलेली. विधवा म्हणजे मी, बाविशीतली, अजून लग्नही न झालेली.

माझे कान तापले. आपण ऐकलंच नाही असं दाखवावं, बांगड्या घ्याव्यात आणि निघावं, इतकंच मला सुचलं. पण मावशींना न ऐकल्यासारखं करणं ठाऊक नव्हतं. मावशी त्यांना सगळी गल्लीच म्हणायची, म्हणून मीही म्हणत असे. त्या बसल्या जागी पूर्ण मागे वळल्या.

"खरं बोल्ली वो माय! मीबी हेच सांगून राह्यली इले. माहं ऐकत नाही. ये, तू समोर ये अन् सांग."

पालापुढचे सगळे हसले. बोलणारी बाई मिरच्यांच्या ढिगाआड दिसेनाशी झाली. मावशींनी माझ्या हातातल्या राखी रंगाच्या बांगड्या काढायला लावल्या आणि कासाराला म्हणाल्या, "लाल दाखव. चांगल्या भडक. तेराव्याले चालल्यासारख्या नको."

घरी येईपर्यंत मी हात पदराखाली धरून चालले.

विदर्भ मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून, पुढे बी. ए. होऊन, पुसदला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले होते. वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी खोली पाहून ठेवली होती. "एकट्याच बाई आहेत, वयस्क आहेत, सोबत होईल," असं त्यांनी कळवलं होतं. वयस्क म्हटल्यावर मी मनात एक पांढरं पातळ आणि एक जपमाळ योजून ठेवली. टांग्यातून उतरले तेव्हा ओसरीवर एक बाई डोक्याला एरंडाची पानं बांधून आणि गालांना साय-हळद फासून बसली होती. ती तशीच उठली, माझी ट्रंक एका बाजूनं धरली आणि म्हणाली, "ये. मले पाहून घाबरू नको, दुपारी मी चांगली दिसतो."

बायकांनी 'दिसतो' म्हणण्याची तिकडची पद्धत मला नवी होती. पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ओसरीसमोरून बैलांच्या बंड्या चालल्या होत्या, आणि बंडीवाले वाकून आमच्याकडे बघत होते.

आमच्या शाळेत नन्सनी एकच आरसा ठेवला होता. न्हाणीघरात, इतका उंच की त्यात फक्त कपाळ दिसायचं. भांग सरळ पडला म्हणजे झालं, बाकीचं देवावर. आरशात गरजेपेक्षा जास्त पाहणं हे पाप, आणि आपल्याकडे कुणी पाहणं हे त्याहून मोठं, असं न शिकवताच आम्ही शिकलो होतो. मी तर दुकानाच्या काचेतही पाहत नसे.

मावशींचा आरसा हातभर लांब होता. रोज सकाळी उन्हं वर आली की त्या तो आतून आणायच्या आणि ओसरीच्या खांबाला रस्त्याकडे पाठ येईल असा अडकवायच्या. मग त्याच्यासमोर पाट टाकून बसायच्या. दूधवाला, नळावर जाणाऱ्या पोरी, कापूस घेऊन बाजाराकडे चाललेले शेतकरी, सगळ्यांच्या देखत त्यांचं आवरणं चालायचं. आधी हनुवटीवरचे दोन-चार केस चिमट्यानं उपटायच्या. "मिशा पाटलाले शोभतात," असं त्या हमखास कुणाला तरी ऐकवायच्या. मग साय, मग कोमट पाणी, मग पावडर. काजळ घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर वाटी पालथी घालून धरलेलं. शेवटी अंबाडा. त्यात गंगावन असायचं, आणि ते स्वतःच्याच गळलेल्या केसांचं होतं. वर्षानुवर्षं फणीतले केस त्यांनी मडक्यात साठवले होते. सुया-पोत विकणाऱ्या बायका दारावर येऊन केस मागायच्या, तेव्हा मावशी मडकं दाखवायच्या पण द्यायच्या नाहीत. "परक्याचा एक केस नाही माह्या डोक्यावर," हे त्या जमीनजुमल्याच्या अभिमानानं सांगायच्या.

हे सगळं आत बसून करता येणार नाही का, असं मी एकदा धीर करून विचारलं.

"आत अंधार हाये."

"कंदील लावून देते."

"अवं, कंदिलात सारेच गोरे दिसतात. लोक उजेडात पाह्यतात ना आपल्याले? मंग उजेडातच करा लागते."

रविवारी केस काळे करण्याचा कार्यक्रम असे. हिरडा, आवळकाठी आणि हिराकस लोखंडी कढईत भिजत घातलेलं असायचं. ओल्या गंजाचा वास घरभर भरून राही, आणि त्या वासात मी रविवारचं वरणभात जेवत असे. त्यात लपवाछपवी नव्हती. शेजारची कुणी खोचकपणे म्हणायची, "मावशी, तुमचे केस कसे वो अजून काळे?" तर त्या म्हणायच्या, "कढईत पाह्य, तिथं हायेत. तुले पायजे तं उरलेले ने."

कुंकू त्या लावत नसत. तेवढी रीत पाळायच्या. पण कपाळावर मधोमध गोंदण होतं, लग्नाआधीचं, हिरवं. एकदा कीर्तनाला आलेल्या एका सोवळ्या बाईनं त्यावर बोट ठेवलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "कुंकू देवानं नेलं, त्याचं होतं. हे गोंदनारणीनं देल्लं, पायलीभर जवारी घेऊन. हे कोनाचा बाप नेते?"

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मी सतरंजीचे धागे पाहत राहिले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी इस्त्री न केलेलं पांढरं पातळ नेसून निघाले की त्या दारातच अडवायच्या. "तोंड काय आपल्यासाठी असते, बाई? आपल्याले थोडंच दिसते आपलं? ते पाह्यनाऱ्याचं असते. मंग त्याच्या डोळ्यात खडा कायले टाकायचा?" मी हसल्यासारखं करायची आणि निघायची. वेणीला रिबीन बांधायची, गजरा माळायचा, मानेला पावडर लावायची हे त्यांचे हुकूम मी रोज ऐकत होते आणि रोज विसरत होते.

एकदा मागच्या गल्लीत सुताराच्या घरचा कर्ता माणूस गेला. तिसऱ्या दिवशी मावशी भेटायला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. मला वाटलं होतं, आज तरी काही करणार नाहीत. पण त्यांनी धुतलेलं लुगडं काढलं, केस विंचरले, गालांवरून पावडरीचा हात फिरवला. "मेलेल्याच्या घरी तं अधिक नीट जावं. ते लोक आधीच रडून राह्यले, त्याईले आपलं भकास तोंड कायले दाखवायचं?"

तिथं दारात बसलेल्या सगळ्या बायका आमच्याकडे वळून बघायला लागल्या. कुणी तरी तोंडाला पदर लावला. मावशी आत गेल्या, कोपऱ्यात बसलेल्या त्या नव्या विधवेला हाताला धरून उठवलं आणि मागे मोरीत नेलं. पाणी तापवायला सांगितलं. तिची सासू म्हणाली, "आता कोनासाठी न्हाऊ घालता?"

"कोनासाठी नाही. डोक्यात उवा झाल्या तिच्या, इथूनच दिसून राह्यल्या. उवा घेऊन मानूस रडू शकत नाही, नुसतं खाजवते."

त्या बाईचं डोकं त्यांनी शिकेकाईनं धुतलं, बारीक फणीनं विंचरलं, आणि एक घट्ट वेणी घालून परत आणून बसवलं. तेव्हा ती मोठ्यानं रडली. मी हा सगळा वेळ बाहेर बंडीच्या चाकाला टेकून उभी होते. आपण ह्यांच्याबरोबर आलेलो नाही असं लोकांना वाटावं, इतक्या अंतरावर.

शाळेत पोरींनी एक खेळ काढला होता. मधल्या सुट्टीत गालांना खडूची पूड लावायची, कंबर हलवत वऱ्हांड्यातून चालायचं आणि म्हणायचं, "मी दुपारी चांगली दिसतो." मी वर्गातून बाहेर आले की खेळ थांबायचा, पण पूड गालावर राहायची. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा खोलीत बोलावून सांगितलं, "तुमच्या घरमालकीणबाई मनानं चांगल्या आहेत हो. पण लोक तुमचंही नाव त्यांच्याशी जोडतात. दुसरी खोली बघता येईल."

मी म्हटलं, "बघते."

खोली बघितली नाही. तेवढं कुणाशी बोलावं लागलं असतं. मी एवढंच केलं, की रस्त्यानं त्यांच्याबरोबर जायची वेळ आली की चपलेचा अंगठा सारखा करण्याच्या निमित्तानं मागे राहायचं. त्या पुढे, आणि मी पंधरा-वीस पावलं मागे.

पोळ्याच्या दिवशी त्या नेहमीसारख्या ओसरीवर बसल्या होत्या. समोरून झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल चालले होते. कुणी तरी ओरडलं, "बैल सजले, मावशीबी सजल्या!" त्यांनी लगेच उत्तर दिलं, "माह्या पाया पड मंग, पुरनपोळी देतो." त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की डाव्या डोळ्याचं काजळ पापणीत नव्हतं. खाली, गालाच्या हाडावर होतं. घामानं उतरलं असेल असं मला वाटलं.

मग ते रोज तसंच दिसायला लागलं. पावडर एका गालाला दाट, दुसऱ्याला नाहीच. भांग कानाकडे सरकलेला. रविवारच्या कढईचा काळा डाग कपाळावर तसाच राहिलेला, आणि त्यांच्या डोळ्यांत, नीट पाहिलं तर, दुधाचा थेंब पडल्यासारखं काही तरी. गल्ली पूर्वी त्यांच्याबरोबर हसायची. आता त्या पाठमोऱ्या झाल्यावरही हसणं संपत नसे.

दिवाळीच्या आधी घर सारवून-रंगवून झालं आणि दुसऱ्या सकाळी मी डबा घेऊन बाहेर आले. मावशी पाटावर बसल्या होत्या. मान डावीकडे कलती करून त्या गालावर साय चोळत होत्या. मग थोडं पुढे झुकून डोळे बारीक केले, करंगळीनं काजळ घेतलं, तोंड किंचित उघडं ठेवून डोळ्यात भरलं. खांबाला आरसा उलटा लागला होता. काच रस्त्याकडे होती, आणि त्यांच्यासमोर नुसती पत्र्याची गंजकी पाठ होती. त्या पाठीत त्यांनी अंबाडा दोन्ही बाजूंनी वळून वळून पाहिला.

मी उंबरठ्यावर उभी होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आरशात स्वतःचंच तोंड दिसत असणार. एक बंडीवाला मिशीवरून हात फिरवत गेला.

त्या आत गेल्यावर मी आरसा सुलटा केला आणि शाळेत गेले.

सांगायला हवं होतं, पण काय सांगणार? डोळे अधू झालेत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं. त्या ते लपवत होत्या, आणि का लपवत होत्या तेही मी ऐकलेलं होतं. पलीकडे दोन घरं सोडून त्यांचा पुतण्या राहायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं, शेत तोच पाहायचा. त्याची बायको एकदा ओसरीवर उभी राहून म्हणाली होती, "डोळे अधू झाले का आमच्याकडंच या. कोठीत खाट टाकून देऊ. आता कोन पाह्यते तुमाले?" मावशींनी त्या दिवशी दुप्पट पावडर लावली होती.

आता त्या माणसं आवाजानं ओळखायच्या, आणि ओळखलं की तोंडभरून तारीफ करायच्या. ही त्यांची जुनी खोड होती, पण आता तिच्यात घाई आली होती. एका सकाळी मी पांढरं पातळ नेसून दारात आले. बांगड्यांचा आवाज आला असेल. त्या म्हणाल्या, "हां! आता कशी! हे गुलाबी तुले शोभते. म्या किती दिवसापासून सांगून राह्यली!"

"हो," मी म्हटलं.

वैशाखात पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं. ती माझ्या वर्गात शिकलेली. मावशींना ती मोठी आजी म्हणायची, आणि मोठी आजी म्हणजे तिला सगळं काही. लहानपणी तिच्या वेण्या मावशींनीच घातलेल्या. नवरदेवाकडची मंडळी नेरची. लग्न आदल्या दिवशी लागलं, दुसऱ्या दिवशी दुपारी विहिणींची पंगत आणि मग पाठवणी होती. त्या घरात एक रीत होती. हळदीकुंकवाचं जे असेल ते सुनांनी करावं, पण मुलगी गाडीत चढायच्या आधी दहीभाताचा शेवटचा घास घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं भरवायचा. म्हणजे मावशींनी.

पंगतीला निघण्याआधी त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. नवं जांभळं लुगडं, नाकात नथ नाही पण कानात कुड्या, अंगाला वाळ्याचा वास. काजळ उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट कानशिलापर्यंत ओढलं गेलं होतं. पावडर डाव्या गालावर भिंतीच्या चुन्यासारखी बसली होती, उजवा गाल तसाच कोरा. मी नुकतीच तोंड धुऊन आले होते. ओला पंचा माझ्या हातात होता.

"कशी दिसतो?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं.

"छान," मी म्हटलं.

मांडवात दोन पंगती समोरासमोर बसल्या. आमच्याकडच्या मध्ये मावशी, त्यांच्याशेजारी मी. तिकडे विहिणींच्या पंगतीत चिडवायची गाणी म्हणतात, आणि त्यात कुणी राग धरायचा नसतो. बुंदी वाढून झाली तशी नेरच्या एका ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या बाईनं सुरुवात केली.

"पुसदकराचं वरन पातळ, त्यात दिसे आभाळ ग,
तुपाची धार शोधाले आता लावा कोतवाल ग!"

मावशी अशा वेळी उत्तर द्यायला प्रसिद्ध. त्यांनी घास गिळला आणि लगेच उचललं.

"नेरच्या विहिनी जेवाले बसल्या, ताटं मागे नऊ ग,
लाडू सरले, बुंदी सरली, आता पत्रावळी खाऊ ग!"

दोन्ही पंगती हसल्या. मावशी खुलल्या. ठेंगणी बाई मान पुढे काढून त्यांच्याकडे पाहत राहिली. ती गाण्याची पुढची जोडी जुळवत होती, आणि तिच्या डोळ्यांत ती जुळलेली मला आधीच दिसली.

"पुसदची विहीन सजली भारी, सजली भारी ग,
काजळ गेलं कानापाशी, डोळे राह्यले घरी ग!"

या वेळचं हसणं वेगळं होतं. वाढपी थांबले. आमच्याकडच्या पंगतीतल्या बायकासुद्धा हसल्या, पुतण्याची बायको तर पदर तोंडात धरून. मावशीही सगळ्यांबरोबर हसल्या, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण उत्तर येईना. कशाचं उत्तर द्यायचं तेच त्यांना कळलं नव्हतं. त्या माझ्याकडे झुकल्या आणि हळूच विचारलं, "कानापाशी म्हंजे?"

मी पत्रावळीवरच्या मिठाकडे पाहत राहिले.

"घरून निघताना कोनी सांगतलं नाही का तुमाले?" पंगतीच्या टोकाकडून पुतण्याची बायको म्हणाली.

मावशींनी डावा हात कानशिलाला लावला. बोटं अगदी डोळ्यांजवळ आणली. मग पदरानं पुसलं, आणि काळं सगळ्या गालावर पसरलं. हातातला घास त्यांनी खाल्ला. पाणी प्यायल्या. आणि पंगत संपायच्या आधी उठल्या. तिकडे असं उठत नाहीत. चालताना मांडवाचा खांब त्यांच्या खांद्याला लागला, त्यांनी त्याला "सरक बाप्पा" म्हटलं, माणूस समजून. मग हसणं थांबलं. मग सगळ्यांना कळलं.

चारच्या सुमाराला गाडी पुतण्याच्या दाराशी आली. नवरीनं पाय आपटून सांगितलं, "मोठी आजी आल्याबिगर मी चढत नाही." पुतण्याची बायको मला म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमीच जा, तुमचं ऐकतात. नाही आल्या तं राहू द्या, घास मी देतो. ऊन कलून राह्यलं, नेर काही जवळ नाही."

मी गेले. आमच्या घरी, आतल्या खोलीत आधी काहीच दिसलं नाही, मग मावशी दिसल्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड धुतलं होतं, पुसलं नव्हतं. इतक्या दिवसांत त्यांचं नुसतं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते. ते लहान होतं. भुवया जवळजवळ नव्हत्या, आणि ओठांच्या भोवती सगळी कातडी गोळा होऊन आली होती.

"मास्तरीन," त्या म्हणाल्या. "बस." आणि मी बसले तशी, "कवापासून?"

काय कधीपासून, असं मी विचारू शकले असते. "पोळ्यापासून," मी म्हटलं.

"म्हंजे दिवाळी, संकरात, शिमगा. सारं असंच?"

"हो."

"लोक हसत होते?"

"हो."

"मले वाटे, खुशीनं हसून राह्यले." त्यांनी ओल्या हनुवटीवरून हात फिरवला. मग हात चाचपत माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला. "अन् तू तशीच हिंडली माह्या संगं. बाजारात, देवळात. तुले लाज नाही वाटली पोरी."

तो प्रश्न नव्हता. त्या माझे आभार मानत होत्या. मी किती मागून चालत असे, ते त्यांना दिसलं नव्हतं. तो हात बाजूला करायचंही मला धैर्य झालं नाही.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. पुतण्याची बायको ओसरीशी येऊन ओरडली, "येतात का? का देऊ मी घास?"

"देऊ दे तिले," मावशी म्हणाल्या. "सांग, आजीचं डोकं दुखते. असं तोंड घेऊन मी जात नाही. पोट्टी सासरी जन्मभर हेच तोंड ध्यानात ठेवन."

मी उठले. कोनाड्यातून काजळाची डबी घेतली, पावडरीचा डबा, फणी. खोलीत काही करण्याजोगा उजेड नव्हता. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्या इतक्या हलक्या असतील असं वाटलं नव्हतं. "कुठं नेतं?" म्हणत म्हणत त्या ओसरीपर्यंत आल्या. मी पाट टाकला आणि त्यांना बसवलं.

सगळी गल्ली समोर होती. नेरच्या बायका, ती ठेंगणी बाईसुद्धा, गाडीचा ड्रायव्हर, माझ्या वर्गातल्या पोरी. नवरी गाडीच्या दाराला धरून उभी होती. सगळे बघत होते, मावशींकडे आणि माझ्याकडे. माझे कान तापले. मी त्यांच्यासमोर गुडघे टेकले आणि हनुवटीखाली बोट लावून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं. मी त्याआधी कधी कुणाच्या चेहऱ्याला हात लावलेला नव्हता.

"तुले कुठं येते?" मावशी कुजबुजल्या. "सोताचं तं कधी केलं नाही. अन् सारे पाहून राह्यले असतीन."

मी करंगळी काजळात बुडवली.

"पाहू द्या," मी म्हणाले, गाडीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "वर बघा, मावशी. हलू नका. मला नीट दिसतंय."